नऊ नंबरचा कोट

"कागदाला इस्त्री करतोय तो मेला!" मास्तरबाईंच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. "वन्सं, पाहिलंत का? वर्तमानपत्राला इस्त्री!"

"शाई बोटांना लागू नये म्हणून," नणंदबाई टीव्हीच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "साहेबांची बोटं काळी होतील ना."

"मग साहेबाने हात धुवावेत. एवढ्या राजवाड्यात पाणी नाही?"

"आहे की. पण पाणी आणून देणारा माणूस वेगळा, तो यायचाय अजून."

मास्तरबाईंनी कपाळाला हात लावला. कपड्याच्या धंद्यात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला इस्त्रीचं कौतुक असायला हरकत नव्हती, पण कागदाला इस्त्री म्हणजे हद्द झाली.

शिवणाच्या दुकानात कापड बेतून कापतो त्याला मास्तर म्हणतात. नवरा गेल्यावर दुकान चालवायला बाई उभी राहिली तेव्हा लोकांची पंचाईत झाली, आणि कोणीतरी मास्तरबाई म्हणायला सुरुवात केली. तेच नाव पडलं. काम सगळं गणवेशांचं. हॉटेलं, दवाखाने, पार्ट्यांचे हॉल, लिफ्टवाले, दरवान. बाहेरच्या खोलीत तीन मशिनं आणि बेतायचं लांब टेबल. ते टेबल म्हणजे खरं तर दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं जुनं दार होतं, कडीची भोकं अजून दिसायची. आतल्या खोलीत नणंदबाईंची खाट आणि टीव्ही. नणंदबाई कोर्टात टायपिस्ट होत्या, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर भावाच्या घरी आल्या आणि भाऊ गेल्यावरही राहिल्या. दोघींचं पटायचं, म्हणजे भांडण रोजचं पण अबोला कधी नाही.

ही विलायती मालिका घरात आली ती कामापायी. पार्ट्यांसाठी हॉल भाड्याने देणारा एक मालक त्यांचा जुना गिऱ्हाईक. तो एक दिवस पेन ड्राइव्ह घेऊनच आला.

"मास्तरबाई, हे आधी बघा. माझ्या वाढप्यांना अस्से कोट पाहिजेत. पुढे आखूड, मागे शेपट्या, पांढरे हातमोजे. आलेल्या पाहुण्याला वाटलं पाहिजे की आपण लॉर्डाकडे जेवायला आलोय."

"आणि जेवण?"

"जेवण तेच."

इंग्रज सरदाराचा वाडा, वर मालक मंडळी, खाली तळघरात तीस नोकर, अशी ती गोष्ट. पहिला भाग दोघींनी निव्वळ कोटासाठी पाहिला. नणंदबाईंनी खालच्या इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगायच्या आणि मास्तरबाईंनी हातशिलाई करत ऐकायचं, अशी वाटणी झाली. पण कोटाची पाठ दिसली की मास्तरबाई ओरडत, "थांबवा! तिथेच!" मग पडद्याला नाक लावून शिवणी मोजत. पाठीला मधोमध एक, बगलांतून उतरणाऱ्या दोन, कमरेला जोड. वाकला तरी शेपूट फुगत नाही. "बेतणाऱ्याच्या हातात जादू आहे," त्या म्हणत. नणंदबाई करवादत, "वहिनी, तिकडे मुलीचं लग्न मोडतंय आणि तुम्ही ढुंगणावरची शेपूट काय बघताय!"

दोन दिवसांत कोट मागे पडला आणि मास्तरबाईंना मालिकेचं वेडच लागलं. चहा गार होऊ लागला. मात्र दर भागात एकेक धक्का बसायचाच. चाळिशीच्या धट्ट्याकट्ट्या सरदाराला स्वतःचं बटण लावता येत नाही, मनगटाची बटणं लावायला वेगळा गडी! मालक जिन्यावरून आला की मोलकरणीने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं! घरच्या थोरल्या लेकीला वाड्यातली एक वीटही मिळायची नाही, ती कुठल्या तरी लांबच्या चुलतभावाला!

"का? मुलगी काय वाटेवर सापडली?" मास्तरबाई पडद्यावर डाफरल्या.

"मला काय विचारता? मी फक्त वाचतेय."

"मग नीट वाचा. काहीतरी गाळताय तुम्ही."

गाळत नव्हत्या. उलट पदरचं घालत होत्या, पण ते मास्तरबाईंना कळायला मार्ग नव्हता.

आता मापांचं. मास्तरबाईंची एक खोड होती. त्या डावा खांदा वेगळा मोजत, उजवा वेगळा, दोन्ही बाह्याही वेगळ्या. इतर दुकानदार हसत. "माणसाचे दोन हात सारखे असतात हे तुम्हाला कोणी सांगितलं?" असं त्या उलट विचारत. मापं घ्यायला नेहमी स्वतः जात. या खेपेला हॉलमालक म्हणाला, "माणसं निरनिराळ्या पाळ्यांना येतात, तुम्ही किती खेपा घालणार? आमचा नवा कॅप्टन घेईल मापं. तरबेज आहे." कॅप्टन म्हणजे वाढप्यांचा म्होरक्या. मास्तरबाईंनी नाराजीनेच होकार दिला, कोष्टक धाडलं, आणि चार दिवसांनी फोनवर यादी आली. नावं नाहीत. एक ते चौदा नंबर आणि पुढे आकडे.

चष्मा लावून त्या वाचायला बसल्या आणि खूश झाल्या. दोन्ही खांदे वेगळे, दोन्ही बाह्या वेगळ्या, पाव इंचसुद्धा सोडलेला नाही. "वन्सं, हा कॅप्टन कोणाकडे तरी शिकलेला आहे हो. टेप कुठे धरायची ते कळतं याला."

मग आला नंबर नऊ.

छाती अडतीस. कंबर बत्तीस. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता. उजवी बाही सव्वाचोवीस. डावी तेवीस.

मास्तरबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. आकडे तेच.

शिंपिणीला चेहरे आठवत नाहीत, मापं आठवतात. डावा हात सव्वा इंचाने आखूड असलेलं जगात एकच पोर त्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षांचं असताना गच्चीच्या कठड्यावरून पडलेलं, हाड वाकडं जुळलेलं. त्याचा पहिलीपासूनचा प्रत्येक सदरा त्यांनी बेतला होता. त्या उठल्या, कपाटातून मापांची जुनी वही काढली, लेकाच्या लग्नाच्या कोटाचं पान उघडलं. सहा वर्षांपूर्वीचं. एकेका आकड्यावर बोट ठेवत गेल्या. पाव इंचाचा फरक नाही.

त्या कापलेल्या कापडाच्या ढिगावरच बसल्या.

"काय झालं वहिनी? चक्कर आली का?"

"वन्सं, आपला पोरगा वाढपी झालाय."

नणंदबाईंनी मालिका थांबवली. आजवर त्यांनी ती आपणहून कधी थांबवली नव्हती.

पोरगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. मालवाहतुकीच्या मोठ्या कंपनीत कचेरीतलं काम, फिरती खुर्ची. त्या खुर्चीचं मास्तरबाईंना भारी अप्रूप होतं. एकदा जाऊन बसूनही आल्या होत्या, एक गिरकीसुद्धा घेतली होती. दर रविवारी त्याचा फोन यायचा. कंपनीत काय चाललंय विचारलं की "चाललंय" म्हणायचा.

"नुसतं चाललंय म्हणायचा," मास्तरबाई पुटपुटल्या. "आठ-नऊ महिने झाले. आधी साहेबाच्या नकला करून दाखवायचा. मला कसं कळलं नाही?"

"अहो, पण बिघडलं काय? चोरी तर केली नाही ना?"

"मला का सांगितलं नाही?"

नणंदबाई टायपिस्ट, गाळणं त्यांना जमायचं नाही. "कसा सांगेल? लहानपणी गणितं चुकली की तुम्ही टेप हातात घेऊन काय म्हणायचात? अभ्यास कर, नाहीतर तुझंही माप घेईन. वाढप्यांचा गणवेश शिवता शिवता म्हणायचात. पोरगं रडायचं."

मास्तरबाई म्हणायच्या खऱ्या. गंमत म्हणून म्हणायच्या. टेप गळ्यात अडकवून मोठमोठ्याने हसायच्या.

"फोन करा त्याला," नणंदबाई म्हणाल्या.

"मुळीच नाही. त्याने लपवलंय ना? मग लपलेलंच राहू दे. मला कळलंय हे त्याला कळता कामा नये. बिचाऱ्याला ठाऊकही नसेल की हे काम आपल्याकडे आलंय."

रविवारी फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "सध्या काय शिवतेस?"

"आहे असंच. कोट आहेत."

"कोट म्हणजे मापं किचकट असतील."

पोरगं चाचपून बघतंय! मास्तरबाईंनी आवाज कोरडा ठेवला. "मापं कसली रे, आकडे असतात. कोणाचे कोण, मी कुठे बघत बसते?"

तो नुसतं "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मास्तरबाईंना वाटलं, सुटलं बिचारं.

कोट मात्र त्या जीव ओतून शिवू लागल्या. तेरा कोट मशिनवर टाकले, नववा स्वतः हातात घेतला. उतरत्या खांद्यात कापसाची गादी अशी बसवली की घालणाऱ्यालाही उतार जाणवू नये. शिवताना डोळ्यांपुढे एकच चित्र. पोरगं हातात ताटांची चवड घेऊन भिंतीशी उभं आहे, पाहुणे चरताहेत आणि याच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नाही. घास घशाखाली उतरेना. नणंदबाई ताट वाढून द्यायच्या आणि तसंच उचलून न्यायच्या. मग एक दिवस त्याही रडल्या आणि म्हणाल्या, "मालिका तरी बघू या, नाहीतर दोघी वेड्या होऊ."

ती नेमकी नको तेव्हा पाहिली. त्या भागात एका तरुण गड्याची आई गावाहून बोचकं घेऊन येते. मागच्या दाराने यायचं ते वाट चुकून पुढच्या दालनात शिरते. लेक ताट घेऊन समोरून येतो. पाहुणे बघताहेत. तो आईकडे बघतो आणि परक्या बाईला बोलावं तसं म्हणतो...

"काय म्हणतो? वाचा ना!"

"बाईसाहेब, आपण वाट चुकलात. नोकरांचं दार मागे आहे."

"स्वतःच्या आईला?"

"काय करेल? नोकरी जाईल ना."

मास्तरबाई ताडकन उठल्या आणि टीव्हीच बंद केला. दुसऱ्या दिवशी कोटांची ट्रायल होती. हॉलमालकाने चौदाही जणांना बोलावलं होतं. न जावं तर कॉलरी कोण बसवणार? दुकानात काजबटणं करणारी बाई होती, कामाची होती, पण शेपटीच्या कोटाला तिने कधी हात लावला नव्हता. रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं. जायचं, पण मान वर करायची नाही. कोट बघायचा, तोंड नाही. कोटाला कुठे आई असते? पोराला ओळख दाखवायचीही पाळी नको आणि नाकारायचीही नको.

दुपारी तीनला हॉल रिकामा होता. टेबलांवर चादरी घालायच्या होत्या, खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या, कुठेतरी काचेचे पेले धुतल्याचा आवाज येत होता. मालक हौशी. त्याने वाढप्यांना मालिकेतल्यासारखं एका रांगेत उभं केलं होतं.

मास्तरबाई गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, अशा एकापासून सुरू झाल्या. कॉलर, खांदा, बाही, वळा, पुढचा. आठपर्यंत सगळे कोट हातमोज्यासारखे बसले. मग त्यांनी नववा कोट काढला, नजर जमिनीवरच्या बुटांवर ठेवली आणि समोर धरला.

"घाला."

"आई..." अगदी हळू आवाज आला.

"हात मागे करा. तुम्ही लोक फार बोलता." अहो-जाहो करताना त्यांची जीभ अडखळली, पण त्यांनी दामटलं. "वळा. आता इकडे."

खांदा नामी बसला होता. बाह्या एका रेषेत. मास्तरबाईंनी समाधानाने पुढच्या बाजू हातात धरल्या, बटण काजाशी नेलं.

जाईना.

त्यांनी श्वास रोखून जरा ओढलं. बटण आणि काज यांच्यात चांगलं चार बोटांचं अंतर, आणि त्या अंतरात सदऱ्याखाली एक गोल, गरगरीत पोट. त्यांनी पोटाला हात लावला. मग दोन्ही हात लावले. चाळीस वर्षांचा धंदा एकीकडे आणि दहा दिवसांचा निश्चय एकीकडे. निश्चय हरला. मान झटकन वर झाली.

"हे काय!" टाचण्या तोंडातून खाली पडल्या. "हे पोट कुठून आलं?"

हॉलमध्ये हशा पिकला. लेक लालबुंद झाला होता, पण ओठ हसू दाबत होते. हॉलमालक धावत आला. "काय झालं मास्तरबाई? हा आमचा कॅप्टन. सगळ्यांची मापं यानेच घेतली, बरोबर आली की नाही?"

मास्तरबाईंनी लेकाकडे पाहिलं. कॅप्टन. दोन्ही खांदे वेगळे मोजणारा, पाव इंचही न सोडणारा कॅप्टन.

"हा माझा मुलगा आहे," त्या म्हणाल्या, आणि म्हटल्यावर मागे घेता येईना.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" मालक लेकाच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "तरीच! कोट तुमच्याकडेच द्यायचे म्हणून हटून बसला होता."

हा आणखी एक धक्का. मास्तरबाईंनी पोटावरचं अंतर टेपने मोजलं, पावणेतीन इंच, कोट काढून घेतला, लेकाचा दंड धरला आणि त्याला ताटं ठेवायच्या खोलीत नेलं. तिथे उलट्या ठेवलेल्या टोपल्यावर बसून त्यांनी कोटाची बाजूची शिवण उसवायला घेतली. हाताला काहीतरी काम नसतं तर त्यांनी त्याला चापटच मारली असती.

"बोल."

"काय बोलू? मी तुला सांगितलं होतं."

"कधी? कधी सांगितलंस?"

"मापांत." तो समोर भिंतीला टेकला. "नऊ महिने रोज ठरवायचो आज सांगतो, उद्या सांगतो. तोंड उघडेना. कंपनीने आमचं खातंच बंद केलं, आई. आधी इथे दोन संध्याकाळी उभा राहिलो, मग रोजचा झालो, मग यांनी कॅप्टन केलं. म्हटलं, तोंडाने जमत नाही तर यादीतून सांगू. नऊ नंबर बघशील आणि त्याच मिनिटाला फोन करून मला झापशील. दहा दिवस फोन खिशात घेऊन फिरलो मी. न्हाणीघरातसुद्धा."

मास्तरबाईंचा हात थांबला.

"रविवारी मुद्दाम विषय काढला, तर म्हणालीस, आकडे असतात, कोणाचे कोण. मला वाटलं, आईने ओळखलं आणि तरी ओळख द्यायची नाही असं ठरवलंय. आत्ताही तू बुटांकडे बघून तुम्ही म्हणालीस तेव्हा..." तो थांबला. "तेव्हा खरंच वाटलं की संपलं."

पोराला परक्यासारखं वागवायची पाळी येऊ नये म्हणून ज्या मास्तरबाई मान खाली घालून आल्या, त्यांनीच पोराला परक्यासारखं वागवलं होतं. तेही चौदा जणांसमोर. दहा दिवस त्याला झाकतोय असं समजून त्या त्याच्या तोंडावर दार लावून बसल्या होत्या.

"सुनेला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"ती पण सामील! बरं." त्यांनी दाताने धागा तोडला. डोळे भरून आले होते, पण रडायला वेळ कुठला? "आणि मापं कुठली लिहिलीस?"

"स्वतःचा खांदा स्वतःला कसा मोजता येणार? लग्नाच्या कोटाची मापं तोंडपाठ होती. तीच टाकली."

"सहा वर्षांपूर्वीची!"

"मला काय माहीत, पावणेतीन इंचांनी..."

"तुला माहीत नाही, पण मला? पाव इंचाचाही फरक नाही म्हणून मी तिथेच बसकण मारली. अरे, सहा वर्षांत कोणाची कंबर तीच राहते? दगडाची राहत नाही. दुसऱ्या कोणाचं असतं तर तेव्हाच म्हटलं असतं, हे माप शिळं आहे, परत घ्या. तुझं म्हटल्यावर अक्कल गहाण!" मग एकदम आठवलं. "आणि मी इकडे जेवत नाही. तू उपाशी उभा असतोस म्हणून."

"उपाशी?" आता तो मोकळा हसला. "आई, रोज दोनशे माणसांचं उरलेलं असतं. आम्ही चौदाजण शेवटी टेबल लावून बसतो. चादर घालून."

"दिसतंय ते."

बाहेरून मालकाने हाक मारली. लेक सदऱ्यातच गेला. उघड्या दारातून मास्तरबाईंना दिसलं, त्याने आवाज चढवला नाही, नुसती दोन बोटं हलवली आणि तेरा माणसं टेबलांमधून अशी पसरली की खुर्चीला खुर्ची लागली नाही. डावा हात आखूड असलेलं ते पोर त्याच हाताने ओळ दाखवत होतं. कंपनीत त्या एकदाच गेल्या होत्या, तिथे फिरणारी खुर्ची पाहिली होती. तिच्यावर बसलेला पोरगा काम करताना कसा दिसतो, हे मात्र आज पहिल्यांदा पाहत होत्या, आणि त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

फोन वाजला. नणंदबाई.

"वहिनी, काय झालं? भेटला का? ओळख दाखवली का त्याने?"

"त्याने दाखवली. मीच दाखवत नव्हते."

"म्हणजे? आणि आता काय करताय?"

"शिवण उसवतेय. पोट सुटलंय त्याचं आणि आपण दोघी दहा दिवस त्याच्या भुकेने वाळतोय." मास्तरबाईंनी कोट उजेडाला धरला. आत कापड किती सोडलंय ते चिमटीने मोजलं. दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम दोन इंच निघत होते. "पाऊण इंच कमी पडतंय हो वन्सं. तुम्ही जेवून घ्या, मला उशीर होईल."